सायमन ऊर्फ श्यामराव

चौतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या शपथा टाइप केल्या. आता मुलाकडे बजाजनगरला राहतो. मुलगा वाळूजच्या एका कंपनीत आहे, सून शाळेत शिकवते आणि मी सकाळचं दूध आणतो. आमच्या गल्लीतलं मंडळ दरवर्षी दिवाळी अंक काढतं. त्याचे संपादक परवा दुधाच्या रांगेत म्हणाले, "काका, तुम्ही नेमानं चर्चला जाता. यंदा देवाधर्मावर तुम्हीच काहीतरी लिहा." मी म्हणालो, देवाविषयी लिहायला फादर लोक आहेत. मी साधा टायपिस्ट, मला कागदाचं विचारा. "मग कागदाचं लिहा," ते म्हणाले. लिहायला बसलो आणि बघतो तर दोन्ही विषय एकाच खणात ठेवलेले.

शहरातल्या तहसील कचेरीच्या आवारात एक जुनं कडुलिंबाचं झाड होतं. त्याखाली आम्ही अकरा जण ओळीनं बसायचो. प्रत्येकाचं एक टेबल, एक लोखंडी खुर्ची, गिऱ्हाइकाला एक स्टूल आणि एक मराठी टाइपरायटर. उन्हाळ्यात सावली सरकेल तसे आम्ही टेबलासकट सरकायचो. त्यामुळे सकाळी भिंतीशी भेटलेला टायपिस्ट दुपारी नळापाशी सापडायचा आणि खेड्यावरून आलेली माणसं गोंधळून जायची.

प्रतिज्ञापत्र म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही, तो सुखी माणूस. त्याची सुरुवात ठरलेली: मी, अमुक तमुक, वय इतकं, धंदा शेती, राहणार इथला, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की. शेवटही ठरलेला: वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा व बरोबर आहे. या दोन्हींच्या मधे माणूस काय वाटेल ते घालू शकतो. मग तो कागद साहेबांपुढे जातो. साहेब शिक्का मारता मारता विचारतात, "खरंय ना?" आणि माणूस "हो" म्हणेपर्यंत पुढचा कागद त्यांच्या हातात असतो. त्यांचा दोष नाही, दिवसाला ढीगभर कागद यायचे. पण त्यामुळे माणसाला निवांतपणे "हे खरं आहे का?" असं विचारण्याची जागा उरते ती एकच. टायपिस्टसमोरचं स्टूल.

हे मला शिकवलं हमीदसाहेबांनी. ते आमच्यातले सगळ्यांत जुने. निजामाच्या राज्यात ते अर्जनवीस होते, म्हणजे उर्दूत अर्ज लिहून देणारे. त्यांचं अक्षर बघायला कारकून खुर्चीतून उठून येत म्हणे. पोलीस ॲक्शन झाली, पुढं कचेरीची भाषा बदलली आणि या माणसाला पस्तिशीत 'ग म भ न' गिरवायला बसावं लागलं. ते शिकले, टायपिंगही शिकले, पण बोटं शेवटपर्यंत नाराज असल्यासारखी चालायची. मी नवीन आलो तेव्हा त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मियां, कागज पे चढ़ गया सो सच हो जाता. आदमी मर जाता, कागज नइं मरता. इसके वास्ते चढ़ाने के पैले पूछ लेना."

माझ्यासाठी हे नवीन नव्हतं. गंगापूर-वैजापूरच्या सीमेवर आमचं गाव. तिथं आमची पंचवीस-तीस कॅथलिक घरं आणि पत्र्याचं एक छोटं देऊळ. चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो. तिथले धर्मशिक्षक मास्तर आम्हा पोरांकडून दहा आज्ञा घोकून घेत. खोटी साक्ष देऊ नकोस, ही आठवी. मास्तर म्हणत, "देवाचा गौरव घंटेनं होत नाय रे. घंटा माणसं बोलवायला असती. गौरव व्हतो बांधावर, बाजारात, नाय तर व्हतच नाय." तेव्हा बांध म्हणजे बोरं खायची जागा एवढंच आम्हाला कळायचं.

तर मी विचारायला लागलो. मजकूर टाइप करायच्या आधी गिऱ्हाइकाकडे बघून म्हणायचो, "हे खरं आहे का? शपथ तुमची, बोटं माझी." आणि अर्धा मिनिट गप्प बसायचो. त्या अर्ध्या मिनिटात लोक काय काय करायचे! काही हसायचे, काही भडकायचे, काही जण चहा पिऊन येतो म्हणून जायचे ते परत यायचेच नाहीत. शेजारचे टायपिस्ट मला पाद्रीबुवा म्हणायला लागले. पुढं गिऱ्हाइकंही म्हणायला लागली. मी वरवर रागवायचो. आतून गुदगुल्या व्हायच्या, खोटं कशाला बोलू?

एक गृहस्थ दरवर्षी गुढीपाडव्याला यायचे. त्यांना दारू सोडल्याचं प्रतिज्ञापत्र हवं असायचं, बायकोला द्यायला. पहिल्या वर्षी मी विचारलं, खरं आहे का? त्यांनी झाडाकडे बघून विचार केला आणि म्हणाले, "आजपुरतं खरं हाय." मी तसंच टाइप केलं: आजच्या तारखेस मी दारू सोडलेली आहे. बायकोनं तो कागद देव्हाऱ्यात ठेवला. नऊ वर्षं ते नूतनीकरणाला येत राहिले. दहाव्या वर्षी बायकोच आली. मी घाबरलो, म्हटलं गेले की काय. तर म्हणाली, "आता कागुद नको म्हणत्यात. तीन वर्षं झाली, खरंच सोडली. तुम्हाला सांगून ये म्हणले."

दुसरे एक पेन्शनर, आपण जिवंत आहोत असं लिहून द्या म्हणून आले होते. त्यांच्या नावाचा चुलतभाऊ वारला होता आणि कागदोपत्री हेच गेले होते. मी सवयीनं विचारलं, "हे खरं आहे का?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की त्या दिवसापुरता मी तो प्रश्न बंद ठेवला.

वाळूजला कारखाने आले तशी तरुण मुलं यायला लागली. त्यांना लागायचा तो एकाच व्यक्तीचा कागद. शाळेत नाव वेगळं, घरी वेगळं, रेशनकार्डावर तिसरंच. मग लिहायचं की वरील दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती मीच आहे. हा कागद मी डोळे मिटून टाइप करायचो, कारण मी स्वतःही त्यातलाच. माझं बाप्तिस्म्याचं नाव सायमन. शाळेत घातलं तेव्हा हेडमास्तरांना ते काही पसंत पडलं नाही, त्यांनी श्यामराव लिहून टाकलं. तेव्हापासून सरकारदरबारी मी श्यामराव, चर्चमधे सायमन, आणि जमिनीच्या सातबारा उताऱ्यावर 'सायमन ऊर्फ श्यामराव'. दोन्ही एकच माणूस आहेत, असा कागद माझ्याकडे शिक्क्यासह होता. तो कागद खरा होता की नाही, हे तपासायची वेळ पुढं आली.

नाताळचा आदला दिवस होता. त्या दिवशी मी चारलाच गाशा गुंडाळायचो. चर्चमधे येशूजन्माचा देखावा मांडायचं काम आमच्या पाच-सहा जणांकडे असायचं आणि फादर पाचपर्यंत पापनिवेदनाला बसायचे. नाताळच्या आधी पापं सांगून मोकळं व्हायचं, हा आमचा नेम. दिवाळीच्या आधी घर झाडतात तसंच. पावणेचार वाजले होते. गवत आणायचं राहिलं होतं, देखाव्यातल्या गाईचा एक कान तुटला होता तो चिकटवायचा होता, आणि इतक्यात मुकुंदवाडीचे संपतराव स्टुलावर येऊन बसले.

संपतराव शेतकरी, बोलायला मोकळे, दोन-तीनदा माझ्याकडून कामं करून घेतलेले. म्हणाले, "पाद्रीबुवा, लई घाई हाय. वडील गेले दिवाळीच्या आधी. वारसाचं करायचंय." शहर मुकुंदवाडीपर्यंत येऊन पोचलं होतं. तिथल्या जमिनीकडे आता कोणी नुसतं पीक म्हणून बघत नव्हतं. त्यांनी वारसांची नावं एका जुन्या लग्नपत्रिकेच्या मागं लिहून आणली होती. आपल्याकडे लग्नपत्रिका कधी फेकत नाहीत, मागची कोरी बाजू वर्षानुवर्षं उपयोगी पडते. नावं तीन होती: आई, संपतराव आणि त्यांचा धाकटा भाऊ.

मी पत्रिका यंत्राजवळ उभी करायला उचलली आणि तिची पुढची बाजू दिसली. गणपती, मोर, आणि खाली ठळक अक्षरात: चि. सौ. कां. गिरजा. खाली वडिलांचं नाव, तेच, ज्यांचे वारस मी टाइप करणार होतो.

मी वाचलं. नीट वाचलं. आणि पत्रिका उलटी केली.

प्रश्न तोंडापर्यंत आला होता. पण विचारलं असतं तर अर्धा मिनिट गप्प बसावं लागलं असतं, मग संपतरावांनी कारणं सांगितली असती, मग साडेचार वाजले असते. मी टाइप केलं की मयतास वरील तिघांव्यतिरिक्त अन्य कोणीही वारस नाहीत. सात मिनिटांत कागद काढून दिला. संपतराव पत्रिका तिथंच विसरून साहेबांकडे पळाले. टाइपरायटरचा एक पाय डुगडुगत होता, मी पत्रिकेची घडी करून त्याखाली घातली, यंत्रावर झाकण टाकलं आणि सायकल हाणत चर्चला गेलो.

फादरांपुढे गुडघे टेकले, नेहमीची यादी सांगितली. बायकोवर ओरडलो. मांस वर्ज्य असलेल्या एका शुक्रवारी लग्नात मटण खाल्लं. मिस्साची उपासना चालू असताना दोनदा डुलकी लागली. अर्ध्या तासापूर्वीचं पाप मला आठवलंही नाही. चर्चला वेळेवर पोचायचं म्हणून मी खोटी शपथ टाइप केली होती आणि वेळेवर पोचल्याचा मला आनंद झाला होता. गाईचा कान मी इतका सफाईनं चिकटवला की सिस्टरांनी सगळ्यांना बोलावून दाखवला.

संक्रांतीनंतर एक बाई आल्या. चाळिशीच्या असतील, अंगावर खांद्यापर्यंत ओढलेला पदर, हातात पिशवी. लासूर स्टेशनहून सकाळच्या गाडीनं आल्या होत्या. स्टुलावर टेकून म्हणाल्या, "भाऊ, हरकतीचा अर्ज लिवायचा. माहेरची जमीन भावांनी आपल्या नावानं करायला टाकली. माझं नावच नाय घातलं. गावातल्या चुलतीनं सांगावा धाडला म्हून कळलं. सर्कलसायबाकडं मुदतीत हरकत द्यायची म्हणत्यात."

"नाव?" मी विचारलं.

"गिरजाबाई. माहेर मुकुंदवाडी."

माझी बोटं ज्या यंत्रावर होती त्याच्याखालीच त्यांच्या लग्नाची पत्रिका होती. त्या सांगत होत्या, मी टाइप करत होतो. "बाकी मला जमिनीचा हावरेपणा नाय भाऊ," त्या म्हणाल्या. "दोन भाऊ सुखात असू द्या. पण कागदावर लिवलं की बापाला पोरगीच नव्हती. मंग मी कोनाची?"

मी अर्ज उत्तम करून दिला. कलमं, मुदत, सगळं चोख. पण तो खोटा कागद मीच केला, हे काही तोंडातून निघालं नाही. त्या आभार मानून गेल्या.

झाडाखाली एक धर्म होता, तो आम्ही सगळे पाळायचो: गिऱ्हाइकाचा कागद दुसऱ्याजवळ फोडायचा नाही. वकिलाला असतं तसंच ते आम्हालाही होतं, फक्त आमच्याकडे कोट नव्हता. संपतरावांचं बोलावं तर तो धर्म मोडतो, न बोलावं तर माझा. शनिवारी मी पुन्हा फादरांकडे गेलो. फादर वसईकडचे, शांत, पण शांतपणे चिमटा काढणारे. मी सगळं सांगितलं.

"ती पत्रिका आता कुठं आहे?" जाळीपलीकडून प्रश्न आला.

"टाइपरायटरखाली."

"अजून?"

"पाय डुगडुगतो, फादर."

मग फादर म्हणाले, "सायमन, क्षमा देव करतो, ती मिळेल. पण जमिनीची नोंद देव करत नाही. ती जिथं होते तिथं जाऊन सांगायला लागेल."

"आणि प्रायश्चित्त?"

"तेच प्रायश्चित्त."

"त्यापेक्षा नमो मारियाच्या पन्नास प्रार्थना द्या ना, फादर."

"त्या मी म्हणतो. तुम्ही जा."

आधी हमीदसाहेबांना सांगितलं. तेव्हा ते सत्तरीला आले होते, दुपारपुरते येऊन बसायचे. ऐकून त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, "जाएगा तो धंदे के हिसाब से गलत. इधर कोई तेरे कने नइं आएगा फिर." मग चष्मा घालून म्हणाले, "बाकी सब हिसाब से ठीक." एवढं बोलून ते आपल्या कामाला लागले.

सुनावणीच्या दिवशी महसुलाच्या सर्कलसाहेबांच्या खोलीत मी, गिरजाबाई, संपतराव, त्यांचा भाऊ आणि दाराशी शिपाई. मी घडीची पत्रिका टेबलावर ठेवली. सांगितलं की प्रतिज्ञापत्र मी टाइप केलं, नावं या पत्रिकेच्या मागं लिहून आली होती, पुढची बाजू मी वाचली होती, बहीण आहे हे मला कळलं होतं, तरी मी विचारलं नाही. संपतरावांनी आपलं अक्षर नाकारलं नाही. सर्कलसाहेबांनी पत्रिका दोन्ही बाजूंनी बघितली आणि हसू दाबलं.

संपतराव माझ्याकडे वळले. ते आरडाओरडा करतील असं मला वाटलं होतं. ते हळूच बोलले, तेच वाईट झालं. "पाद्रीबुवा, तुम्ही लई सच्चे. एक सांगा. तुमच्या उताऱ्यावर तुमच्या बहिनीचं नाव हाय का?"

त्यांना माझी काही माहिती नव्हती. हा प्रश्न त्या खोलीतल्या कोणालाही विचारला असता तरी बसलाच असता. शिपाई तेवढ्यात बाहेर जाऊन उभा राहिला, यावरून काय ते समजा. पण विचारला मला होता.

मला फिलूताई नावाची थोरली बहीण आहे. वडील वारले, आई आधीच गेली होती. गावाकडे चार एकर. आम्हा ख्रिस्ती लोकांच्या वारसा कायद्यात मुलगा-मुलगी सारखेच, हे मला झाडाखाली बसून पाठ झालं होतं. तरी मी एका नाताळात ताईसाठी शहरातून साडी नेली आणि सोबत हक्कसोडपत्र टाइप करून नेलं. मी राजीखुशीने व कोणाच्याही दबावाशिवाय माझा हक्क सोडत आहे. सुंदर टाइप केलं होतं, एक खाडाखोड नाही. तिला मोठ्यानं वाचून दाखवलं, दुसऱ्या दिवशी नोंदणी केली. अख्ख्या तालुक्याला "हे खरं आहे का?" विचारणाऱ्यानं तिला ते विचारलं नाही. विचारायचं असतं हे डोक्यातच आलं नाही. सगळेच तसं करतात. कॅथलिकही करतात आणि मग करंज्या वाटतात.

"नाही," मी म्हणालो. "माझ्या बहिणीचं नाव नाही."

सर्कलसाहेब म्हणाले, त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही. ते कायद्यानं बरोबर बोलले. गिरजाबाईंचं नाव पुढं नोंदीला लागलं. संपतराव बाहेर पडताना बहिणीशी बोलले नाहीत, पण पायरीपाशी तिची पिशवी उचलून त्यांनीच खाली नेली. सवय असेल.

गिरजाबाई माझ्यापाशी थांबल्या. मला वाटलं आभार मानतील. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमची बहीन कुठं असती?"

"वैजापूरकडं. गावापासून दोन कोसांवर दिलीय."

"जाऊन या," त्या म्हणाल्या आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघाल्या.

झाडाखाली मात्र माझं व्हायचं ते झालं. दहा जणांनी मला वाळीत टाकलं असं म्हणणार नाही, चहा मिळायचा. पण गिऱ्हाईक माझ्याकडे वळलं की कोणीतरी खोकायचं आणि म्हणायचं, "इकडं या दादा, तिथं साक्षीदार बसतो." सहा-सात महिने मी बहुतेक शाळकरी मुलांचे अर्जच टाइप केले. त्या दिवसांत मी स्वतःला शहाणा समजलो असं नाही. आजही कधी वाटतं, गिऱ्हाइकाचा कागद फोडला, हे काही भूषण नव्हे. त्या दिवशी चारला पंधरा मिनिटं कमी असताना तोंड उघडलं असतं तर पुढं कुठं उघडायची पाळीच आली नसती. संपतरावही खोटे ठरले नसते. हे मला अजून टोचतं.

ताईकडे जायला मी दोन रविवार लावले. पहिल्या रविवारी बस चुकली. चुकवली. ताईचा हिस्सा परत द्यायचा, हे घरी बायकोला, रोझीला सांगितलं होतं. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "जा. आणि माझ्या भावांनाबी असंच एखादं पाप आठवू दे."

फिलूताई अंगणात बसून बाजरी निवडत होती. शेजारी बसलो. इकडचं तिकडचं झालं. शेवटी स्टुलावर बसलेल्या गिऱ्हाइकासारखा घसा खाकरून म्हणालो, "ताई, त्या हक्कसोडीच्या कागदावर राजीखुशीनं लिहिलं होतं. ते खरं होतं का?"

तिचे हात थांबले नाहीत. "आता इचारतोस व्हय?"

"हो."

"नाय. खरं नव्हतं." तिनं एक खडा काढून अंगणात टाकला. "साडी निळी व्हती. मला निळा रंग आवडत नाय, हे बी तुला ठाव नव्हतं."

"मग सही का केलीस?"

"तू इतकं चांगलं वाचून दाखवलं. वाटलं, नाय म्हणलं तर तुझा कागुद वाया जायाचा."

मी रडलो. लाजायचं काय त्यात, रडलो. तिनं मला रडू दिलं, मग पाण्याचा तांब्या पुढं केला आणि म्हणाली, "विहिरीकडची बाजू माझी. आंब्यासकट." म्हणजे इतकी वर्षं तिनं मनात मोजणी करून ठेवली होती. तो आंबा वडिलांनी लावलेला, मला त्याचाच जास्त लोभ. ताईला तेही माहीत होतं.

बक्षीसपत्र मीच टाइप केलं. विहिरीकडील दोन एकर, आंब्याच्या झाडासह. आंब्याच्या ओळीपाशी बोट जरा रेंगाळलं, तिथं चूक झाली, अख्खं पान पुन्हा केलं. नोंदणीच्या दिवशी फिलूताई वैजापूरला आली ती पिवळ्या साडीत. रोझीही आली. मला वाटतं, मी ऐन वेळी फिरतो की काय हे बघायला.

आत बोलावलं. नोंदणीचे साहेब तरुण होते, कागद नीट वाचणारे. त्यांनी मान वर करून विचारलं, "सायमन ऊर्फ श्यामराव. तुम्हीच का?"

"दोन्ही मीच, साहेब," मी म्हणालो. हे वाक्य शेकड्यांनी टाइप केलं होतं, तोंडानं पहिल्यांदाच बोललो.

"हे राजीखुशीनं देताय ना? खरं सांगा. कोणाचा दबाव?"

आणि शिक्का हातात धरून ते थांबले. खरोखर थांबले, अर्धा मिनिट तरी. इतकी वर्षं मी दुसऱ्यांना बसवलं त्या स्टुलावर आता मी होतो. 'हो' एवढाच शब्द बोलायचा होता. पण डोळ्यांपुढं आंबा आला, मोहोरलेला. मागं ताई उभी होती, तिच्यासमोर हा कागद दुसऱ्यांदा खोटा करायचा नव्हता.

"राजी आहे, साहेब," मी म्हणालो. "खुशी यायला थोडा वेळ लागेल."

साहेबांनी शिक्का खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिले. असं उत्तर त्यांच्या कोणत्या रकान्यात बसत नसणार. तेवढ्यात मागून फिलूताई पुढं आली, टेबलावर हात ठेवून वाकली.

"खरं बोलतोय, सायब," ती म्हणाली. "लिवून घ्या."